बारीक सिगार सौम्य असते का?

दिवाळीनंतरच्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळची गर्दी ओसरली होती. आमचे एक जुने स्नेही दवाखान्यात आले. त्यांचे खरे नाव सांगत नाही, आपण त्यांना नानासाहेब म्हणू. बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून चार लहानमोठी पाकिटे काढली आणि माझ्या रक्तदाबाच्या यंत्राशेजारी ओळीने मांडली. मला वाटले, मुलाने परदेशातून चॉकलेटे आणली असावीत. नानासाहेबांचा मुलगा व्यापारी जहाजावर नोकरीला आहे. सहा-सात महिन्यांनी सुटीवर येतो तेव्हा विमानतळावरच्या करमुक्त दुकानातून काहीबाही घेऊन येतो. या खेपेला त्याने वडिलांसाठी क्यूबाच्या सिगारी आणल्या होत्या, आणि त्याही सगळ्या बारीक अंगाच्या.

"डॉक्टर, तब्येतीच्या हिशेबाने सांगा, यातली कोणती ओढू?"

नानासाहेबांचे वय एकसष्ट. बँकेतून निवृत्त झालेले. २०१७ साली हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला आणि तेव्हापासून सिगारेट बंद. निदान मला तरी तसे सांगितलेले.

"कोणतीच नको," असे म्हणून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण तीस वर्षांच्या धंद्यात एक शिकलो आहे. ज्याने निवड करायचीच असे ठरवले आहे त्याला नुसता नकार दिला की तो तोच प्रश्न घेऊन पानपट्टीवाल्याकडे जातो. शिवाय नानासाहेबांच्या प्रश्नात एक समजूत दडलेली होती, ती मला महत्त्वाची वाटली. "जाड सिगार मला झेपायची नाही म्हणून मुद्दाम बारीक मागवल्या," असे ते म्हणाले. बारीक म्हणजे सौम्य! ही समजूत आपल्याकडे बिडीबाबतही आहे. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कितीतरी कमी असते, पण ती विझू नये म्हणून झुरके घनघन मारावे लागतात, आणि बिडी ओढणाऱ्यांची फुप्फुसे काय दिसतात ते आम्ही क्ष-किरण चित्रात पाहतो.

तेव्हा मी टेबलाच्या खणातून फूटपट्टी काढली.

पहिले पाकीट कोहिबा लान्सेरोचे. ही सिगार लांबीला १९२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. लान्सेरोची जाडी ३८, म्हणजे ३८ भागिले ६४ इंच, सुमारे १५ मिलिमीटर. टोकाला पानाची छोटी शेंडी वळलेली असते. कोहिबाची सुरुवात १९६६ साली हवानाच्या एल लागितो या बंगल्यातल्या कारखान्यात झाली. तिथे सिगारी वळण्याचे काम सुरुवातीपासून बायकांकडे होते. पहिली कित्येक वर्षे या सिगारी फिडेल कॅस्ट्रो आणि परदेशी पाहुण्यांसाठीच बनत. लोकांना विकत मिळू लागल्या त्या १९८२ पासून. लान्सेरो ही कॅस्ट्रोंची आवडती.

दुसरे पाकीट मॉन्टेक्रिस्टो एस्पेशियल नंबर २ चे. जाडी तीच ३८, लांबी कमी, १५२ मिलिमीटर. (मॉन्टेक्रिस्टो हे नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून पडले. क्यूबाच्या कारखान्यात सिगारी वळणाऱ्यांना कंटाळा येऊ नये म्हणून एक जण उंच जागी बसून वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवतो. ही प्रथा एकोणिसाव्या शतकापासून आजतागायत चालू आहे. ही एक गोष्ट मला फार आवडते, आमच्या विडी कारखान्यांतही असायला हवी होती.)

तिसरे कोहिबा पानेतेला. लांबी ११५ मिलिमीटर, जाडी २६, म्हणजे जेमतेम १० मिलिमीटर. हाताने वळलेल्या क्यूबन सिगारींत याहून किडकिडीत शोधावी लागेल. चौथ्या पाकिटात 'मिनी' होत्या. त्या यंत्रावर होतात आणि आत तंबाखूचे बारीक तुकडे असतात. लांबी ८२ मिलिमीटर, जाडी २०, म्हणजे ८ मिलिमीटर. हे पाकीट फोडलेले होते आणि अर्धे रिकामे होते. मी ते लक्षात ठेवले, त्या वेळी बोललो नाही.

नानासाहेब आकड्यांना मान देणारे. म्हणून केसपेपरच्या पाठीमागे हिशेब मांडला. शाळेत शिकलेले वृत्तचितीचे घनफळ. लान्सेरोचे घनफळ येते साधारण ३४ घनसेंटिमीटर. आता जिला सगळे जग जाड सिगार म्हणते ती रोबुस्टो घ्या, लांबी १२४ मिलिमीटर आणि जाडी ५०. तिचे येते ३८. म्हणजे जाड पैलवान आणि सडपातळ बाई यांच्या वजनात एवढासाच फरक! लांबीने जाडीची भरपाई करून टाकलेली. एस्पेशियल नंबर २ चे घनफळ २७ आणि त्याच छापाच्या मध्यम अंगाच्या नंबर ४ चे २८. "अहो, हे तर सारखेच," नानासाहेब म्हणाले. पानेतेला दहाच्या आत बसते आणि मिनी चाराच्या आसपास.

एका सिगारेटीत एक ग्रॅमपेक्षा कमी तंबाखू असते. मोठ्या सिगारीत ५ ग्रॅमपासून २० ग्रॅमपर्यंत. काही सिगारींत एका पाकीटभर सिगारेटींइतकी तंबाखू असते, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ साली सिगारवर काढलेल्या ग्रंथात आणि नंतरही सांगितले आहे. वीतभर सिगार ओढायला तासाच्या वर वेळ जातो. तेव्हा 'एकच तर ओढली' या वाक्याला सिगारेटच्या हिशेबात जो अर्थ आहे तो इथे नाही.

इथे जाणकार लोक एक मुद्दा काढतात आणि तो खरा आहे. सिगारीत भरायची पाने झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरून घेतात. शेंड्याकडच्या पानाला लिहेरो म्हणतात. ते ऊन खाऊन जाड झालेले, कडक आणि सावकाश जळणारे असते. बारीक सिगारीत जागाच कमी, म्हणून हे पान कमी घालतात. शिवाय बारीक सिगारीत आतल्या भरणीच्या मानाने वरच्या आवरणाच्या पानाचा वाटा जास्त, त्यामुळे चव नाजूक लागते. जुने शौकीन बारीक सिगारीला मानतात ते यासाठी, आणि ती वळायला हात कसबी लागतो म्हणूनही. जरा जास्त घट्ट वळली गेली की धूर ओढलाच जात नाही.

पण चव नाजूक असणे आणि धूर निरुपद्रवी असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बारीक सिगारीचा एक दुर्गुण त्या जाणकारांनाही माहीत असतो. ती लवकर तापते. भराभर झुरके घेतले की धूर चटका देतो. म्हणूनच मिनिटाला एकच झुरका घ्यावा असे ते बजावतात. सिगारेट ओढलेल्या माणसाला हे जमत नाही. आणि सिगार घट्ट वळलेली असेल तर तो आणखी जोराने ओढतो.

नानासाहेबांचा दुसरा मुद्दा असा होता की सिगारीचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडात फिरवून सोडतात. मग धोका कसला? हा मुद्दा मला सुशिक्षित लोकांकडून नेहमी ऐकायला मिळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिगारेटची तंबाखू बहुतेक करून भट्टीच्या उष्णतेत वाळवतात. तिच्यात साखर टिकून राहते आणि तिचा धूर आम्लधर्मी होतो. अशा धुरातले निकोटीन तोंडाच्या अस्तरातून फारसे शोषले जात नाही, त्यासाठी फुप्फुसच लागते. क्यूबाची सिगारीची तंबाखू कोठारात टांगून हवेवर वाळवतात, मग ढीग रचून मुरवतात. कोहिबाची काही पाने तर तीनदा मुरवतात. या प्रकारात साखर निघून जाते आणि धूर अल्कधर्मी होतो. अल्कधर्मी धुरातले निकोटीन तोंडातूनच सरळ रक्तात जाते, छातीत ओढायची गरज राहत नाही.

वाचकहो, हे रसायनशास्त्र आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. तो तळहातावर तंबाखू घेऊन तिला चुना का लावतो? चुन्याशिवाय तंबाखूला मजा नाही असे तो सांगेल. चुना अल्कधर्मी. तो तंबाखूतले निकोटीन मोकळे करतो आणि ते गालातून रक्तात उतरते. क्यूबाची महागडी सिगार आणि आपल्या चंचीतली मळलेली तंबाखू यांचे काम तोंडात एकाच रीतीने चालते. फरक एवढाच की एकीत ते काम चुना करतो, दुसरीत कोठारातली मुरवण करते. आणि मुरवताना नायट्रोसामाइन नावाची, कर्करोगाला कारण होणारी द्रव्येही तयार होतात.

म्हणजे 'छातीत घेत नाही' याचा अर्थ फुप्फुस थोडे वाचले, तोंड नाही. ओठ, जीभ, टाळू, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका यांना पुरा धूर लागतो. रोज सिगार ओढणाऱ्यांत, छातीत न ओढणाऱ्यांतसुद्धा, या जागांचा कर्करोग न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त आढळतो. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड मोठा सिगारभक्त. १९२३ साली त्याच्या टाळूजवळ जबड्यात गाठ निघाली. १९३९ साली मृत्यू येईपर्यंत तिशीच्या वर शस्त्रक्रिया झाल्या, जबड्याचा भाग काढून कृत्रिम तुकडा बसवावा लागला. तरी त्याने सिगार सोडली नाही. आपल्याकडे आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा ओढतात. तीही तंबाखूच्या पानाची गुंडाळीच, गरिबांची सिगार म्हणा. काही भागात बायका तिचे जळते टोक तोंडात ठेवून ओढतात. तिथे टाळूचा कर्करोग किती दिसतो हे दंतवैद्यकाच्या पुस्तकात आम्हाला उदाहरण म्हणून शिकवले जाते.

एवढे बोलून झाल्यावर मी नानासाहेबांना विचारले, "मिनीचे पाकीट अर्धे कधी झाले?"

ते जरा गप्प बसले. मग म्हणाले, "हे पाकीट चालू आठवड्यातले. मागच्या सुटीतही आणल्या होत्या. पाच महिने झाले. रोज तीन-चार. पण डॉक्टर, त्या सिगारेट नव्हेत हो, सिगारी आहेत."

आता मघाची मापे पुन्हा बघा. मिनीची लांबी ८२, जाडी ८ मिलिमीटर. तुम्ही-आम्ही पाहतो त्या लांब सिगारेटची लांबी ८४ आणि जाडी तेवढीच. हाताला आणि ओठाला फरक कळत नाही. ज्याने तीस वर्षे सिगारेट ओढली त्याच्या बोटात ही वस्तू आली की त्याची छाती आपोआप जुनीच गोष्ट करते, खोल ओढते. ज्यांनी कधीच सिगारेट ओढली नाही ते सिगारीचा धूर बहुधा तोंडातच ठेवतात. जे सिगारेट सोडून सिगारीवर येतात ते छातीत घेतात, हे अनेक पाहण्यांत दिसले आहे. मी स्वतः वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात चार वर्षे सिगारेट ओढली, सोडायला तीन खेपा लागल्या. आजही कोणी शेजारी ओढू लागला की माझा श्वास नकळत खोल जातो. म्हणून नानासाहेबांना मी दोष दिला नाही. पण धूर छातीत गेला की फुप्फुसाचा धोका तर येतोच, शिवाय स्टेंट बसलेल्या हृदयाला कार्बन मोनॉक्साइड आणि निकोटीन दोन्ही झेलावे लागते. सिगारीचे पानाचे आवरण सिगारेटच्या कागदाइतके सच्छिद्र नसते, त्यामुळे ज्वलन अपुरे होऊन हा वायू जास्त निर्माण होतो. सात वर्षांहून अधिक काळ सांभाळलेला पथ्याचा हिशेब त्या लहानशा डबीत वाहून चालला होता.

मी टॉर्च घेतला आणि त्यांना तोंड उघडायला सांगितले. गाल, जीभ, जिभेखालची जागा स्वच्छ होती. टाळू मात्र पांढरट पडली होती आणि त्यावर बारीक लाल ठिपके. हा सिगार, पाईप ओढणाऱ्यांच्या टाळूचा ओळखीचा प्रकार. गरम धुराने तिथल्या लाळपिंडांची तोंडे सुजतात. नेहमीच्या रीतीने ओढणाऱ्यांत तो सहसा कर्करोगाकडे जात नाही, ओढणे बंद केले की काही आठवड्यांत जातो. पण डोळ्यांनी बघून शंभर टक्के सांगता येत नाही, म्हणून त्यांना दंतवैद्याकडे पाठवले. तुमच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नसेल, आवाज तेवढेच दिवस बसलेला असेल, तर मलम लावत घरी बसू नका. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला दुखत नाहीच.

"मग चारांतली कोणती?" जाताना नानासाहेबांनी पुन्हा विचारलेच. मी माझे मत सांगितले. तुमच्यासाठी सगळ्यांत वाईट ती, जी तुम्हाला सगळ्यांत निरुपद्रवी वाटली. मिनी आजच बंद. पानेतेला तिचीच थोरली बहीण, बोटात सिगारेटसारखीच बसते, तीही नको. लान्सेरो आणि एस्पेशियल यांत निवड करायला आरोग्याच्या बाजूने काही आधार नाही, दोन्हींत तंबाखू भरपूर आहे. ज्याचे हृदय धडधाकट आहे, ज्याने कधी सिगारेट ओढली नाही आणि जो वर्षाकाठी मुलाच्या लग्नात एखादी सिगार तोंडातल्या तोंडात ओढतो, त्याचा धोका रोज ओढणाऱ्याइतका नाही. तो शून्य आहे असे मात्र मी लिहून देणार नाही. पण नानासाहेब, तो माणूस तुम्ही नव्हे. तुम्हाला वर्षातून एक जमत नाही, हे अर्ध्या पाकिटाने सांगितले.

असली क्यूबन आहे, नकली नाही, असेही ते म्हणाले. नकली क्यूबन सिगारी जगभर विकल्या जातात, त्यामुळे ही काळजी रास्त आहे. पण खिशाच्या दृष्टीने. असली कोहिबाच्या धुराला गळ्यातल्या पेशी ओळखत नाहीत. २०२२ साली कंपनीने कोहिबाचे भाव जगभर भरमसाट वाढवले, म्हणून ती तितक्या पटीने बाधत नाही वा तितक्या पटीने मानवतही नाही.

क्यूबाचेच बघा. तंबाखू तिथल्या लोकांचे पोट आहे. पिनार देल रिओ प्रांतातली लाल माती आणि तिथल्या शेतकऱ्यांचे कसब यांची बरोबरी कोणाला साधलेली नाही. सप्टेंबर २०२२ च्या चक्रीवादळात तिथली तंबाखू वाळवायची कोठारे मोठ्या संख्येने कोसळली, तेव्हा ती पुन्हा उभारायला सारा प्रांत राबला. तरी ज्यांच्यासाठी लान्सेरो वळली जात होती त्या कॅस्ट्रोंनी १९८५ साली सिगार सोडली. देशात धूम्रपानाविरुद्ध मोहीम चालवायची तर आधी आपण सोडावी लागेल, हे त्यांना पटले होते. ते नव्वदीपर्यंत जगले. आणि त्याच हवानातल्या शास्त्रज्ञांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी एक लस तयार केली, क्यूबात २०११ साली तिला मान्यता मिळाली. सिगारीही तिथलीच, लसही तिथलीच.

मुलांनाही एक सांगायचे आहे. जहाजावर, आखातात, अमेरिकेत असलेली आपली पोरे प्रेमाने वडिलांसाठी असल्या वस्तू आणतात. भारी वस्तू, चार लोकांत दाखवण्याजोगी. नानासाहेबांच्या मुलाला वडिलांचा स्टेंट माहीत होता. पण सिगारेटवरच्या इशाऱ्याने जे मनात येते ते सुबक पिवळ्या-काळ्या पाकिटाने येत नाही. मी त्याला दूरध्वनीवर हे सगळे सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "काका, बाबांनीच बारीक आणायला सांगितलं होतं."

संक्रांतीला नानासाहेब आणि वहिनी तिळगूळ द्यायला आले. मी तिळगूळ तोंडात टाकण्याआधी टॉर्च काढला. टाळू गुलाबी झाली होती, ठिपके विरले होते. दंतवैद्याचा अहवालही ठीक होता. पहिले दोन आठवडे फार त्रास झाला, झोप लागत नव्हती, घरात सगळ्यांवर ओरडलो, असे ते स्वतःच म्हणाले. मिनी आणि पानेतेला गटारात गेल्या. एस्पेशियल कोणाला तरी देऊन टाकल्या, कोणाला ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. लान्सेरोचे पाकीट मात्र अजून कपाटात आहे.

"पोराने एवढे पैसे घातले, फेकवत नाही हो," नानासाहेब म्हणाले.

"असू दे," वहिनी म्हणाल्या, "किल्ली माझ्याकडे आहे."